मीनाईचा पूल

स्मरणिकेसाठी लेख मागणारा समितीचा निरोप आला, तेव्हा त्यात विषयही सुचवले होते : शाळेने मला काय दिलं, माझे आवडते शिक्षक, एक अविस्मरणीय सहल. तिन्हींवर लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा एकाच भिंतीपाशी येऊन थांबले. म्हणून सरळ त्या भिंतीबद्दलच लिहिते.

ती भिंत आपल्या प्रयोगशाळेची. दारातून आत गेलं की डाव्या हाताला आवर्तसारणी, उजव्या हाताला मानवी सांगाड्याचा तक्ता आणि मधे, काच तडकलेल्या चौकटीत, एका पुलाचं करड्या रंगाचं जुनं चित्र. कागद पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. दोन उंच दगडी मनोरे, त्यांच्यावरून झोका घेत गेलेल्या साखळ्या, साखळ्यांना टांगलेला रस्ता आणि त्याच्याखालून शिडं उभारून चाललेलं एक गलबत. खाली इंग्रजीत नाव होतं. ते 'मेनाय' वाचायचं, हे आम्हाला कोण सांगणार? आपल्या वर्गातल्या मुलांनी त्याचं 'मीनाई' केलं. ही मीनाई म्हणजे कोणाची तरी खाष्ट आजी असणार आणि तिने नातवंडांसाठी पूल बांधला असणार, अशी एक गोष्टही मागच्या बाकावर तयार झाली होती.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी ते चित्र तरुणपणी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं. प्रत्येक नव्या तुकडीला ते एकदा त्या चित्रासमोर उभं करत आणि म्हणत, "या चित्रात काय आहे ते कोणीही सांगेल. काय नाही, ते सांगा." कोणी म्हणे रंग नाही. कोणी म्हणे आगगाडी नाही. सर नुसते हसत आणि फळ्याकडे वळत. उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. मला ते मिळायला पंधरा-सोळा वर्षं लागली.

आधी चित्राविषयी. ते हाताने काढलेलं चित्र नव्हे, छापलेलं होतं. त्याला लिथोग्राफ म्हणतात, मराठीत शिळाछाप. म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधली. तो नाटकं लिहायचा आणि ती स्वस्तात कशी छापता येतील या विवंचनेत होता. युक्ती अगदी साधी आहे. बारीक कणांच्या, गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग शिळा ओली करायची. जिथे खडू आहे तिथे पाणी ठरत नाही, जिथे नाही तिथे दगड पाणी पितो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर. तांब्याच्या पत्र्यावर खोदकाम करायला कारागिराला कित्येक आठवडे लागत. इथे चित्रकार दगडावर कागदासारखं रेखाटू शकत होता. चित्रं स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या घरांत भिंतींवर लागू लागली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी पुस्तकं आणि पंचांगं छापली, ती आधी शिळाप्रेसवरच. पुढे राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देव्हाऱ्यापाशी पोचल्या, त्याही याच छपाईच्या जोरावर. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विलायतेत तोच मान त्या काळी पुलांना, आगबोटींना आणि पुढे रेल्वेला मिळाला. मेनायचा पूल उभा राहिला तेव्हा तो पाहायला लोक लांबून येत आणि जाताना त्याचं चित्र घेऊन जात. आपण तुळजापूरहून देवीची तसबीर आणतो तसं.

आता पुलाविषयी. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स आणि त्याला चिकटून अँगलसी नावाचं बेट. मधे मेनायची सामुद्रधुनी. नकाशात ती एखाद्या खाडीसारखी दिसते आणि वागतेही तशीच. दोन्ही तोंडांनी भरती आत शिरते, मधल्या खडकांवरून पाणी घुसळतं, भोवरे होतात. माणसं, टपाल, बाजाराचा माल, सगळं तरीने पलीकडे जायचं. अँगलसीची गुरं इंग्लंडच्या बाजाराला निघाली की त्यांना ओहोटीच्या वेळी पाण्यात घालून पोहवत पलीकडे नेत. कैक बुडत. माणसंही बुडत. ५ डिसेंबर १७८५ रोजी कॅर्नार्व्हनहून अँगलसीकडे निघालेली एक तर वाळूच्या दांड्यावर अडकून फुटली. तीत ५५ माणसं होती. वाचला एक.

तरीही पूल झाला तो गुरांसाठी किंवा या माणसांसाठी नव्हे. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि आयरिश खासदारांना वारंवार लंडनला यावं लागू लागलं. डब्लिनहून निघालेलं जहाज अँगलसीच्या टोकाला होलीहेडला लागायचं. पुढे बेटावरचे खराब रस्ते, मग तर, मग वेल्सचे डोंगर. तक्रारी थेट संसदेत गेल्या. तरीत बसणारा माणूस बदलला की पुलाचा प्रस्ताव हलतो, हे तेव्हाही खरं होतं.

काम थॉमस टेलफर्डकडे आलं. स्कॉटलंडमधल्या मेंढपाळाचा हा मुलगा. बाप लहानपणीच गेला. तो पाथरवटाचं काम शिकला आणि पुढे रस्ते, कालवे, पूल बांधत इतका मोठा झाला की १८२० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा पहिला अध्यक्ष झाला. मेनायसाठी १८११ मध्ये त्याने आधी ओतीव लोखंडाच्या कमानीचा पूल सुचवला होता. पण नौदलाची अट अशी होती की उंच डोलकाठ्यांची जहाजं पुलाखालून बिनअडथळा जायला हवीत. म्हणजे भरतीच्या पाण्यापासून रस्त्यापर्यंत १०० फूट मोकळी जागा आणि बांधकाम चालू असतानाही खाली परांची नाही. कमान बांधायची तर खालून आधार लागणार. टांगलेल्या पुलाला आधार वरून मिळतो. झुलता पूल निवडला गेला तो या अडचणीमुळे.

१८१९ च्या ऑगस्टमध्ये पहिला दगड बसला. अँगलसीवरच्याच पेनमॉनच्या खाणीतली चुनखडी. गंमत बघा, चित्र चुनखडीच्या शिळेवर आणि चित्रातले मनोरेही चुनखडीचे. एका बाजूला चार कमानी, दुसऱ्या बाजूला तीन, आणि मधे दोन मनोऱ्यांत ५७९ फुटांचा गाळा, म्हणजे सुमारे १७६ मीटर. तोपर्यंत एवढा लांब गाळा जगात कोणी बांधलेला नव्हता. या गाळ्यावर १६ साखळ्या. साखळी म्हणजे आपल्या झोपाळ्याच्या कड्यांसारखी नव्हे. घडीव लोखंडाच्या चपट्या पट्ट्या, दोन्ही टोकांना भोकं, त्यांतून जाड खिळा घालून एकीला दुसरी जोडलेली. एका साखळीत अशा ९३५ पट्ट्या. सोळांचा हिशेब तुम्हीच करा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा निम्मा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासण्यात गेला, त्यामुळे पट्ट्या तपासण्याची त्यांची रीत वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. लोखंड विल्यम हेझलडीनच्या भट्ट्यांमधून इंग्लंडमध्ये श्रूजबरीच्या परिसरात तयार होई. प्रत्येक पट्टी, नमुन्याला एखादी नव्हे, यंत्रात धरून दर चौरस इंचाला ११ टनांपर्यंत ताणली जाई. पुलावर तिच्यावर येणार होता त्याच्या दुपटीइतका हा ताण. आणि ती ताणलेली असतानाच तिच्या कुशीवर हातोडा मारत. आत कुठे सांधा कच्चा असेल, चीर असेल, तर ती तिथेच तुटावी, पुलावर नको. मग पास झालेली पट्टी गरम करून जवसाच्या तेलात बुडवायची, गंज चढू नये म्हणून.

साखळी किती झोल देऊन टांगायची, हा दुसरा प्रश्न. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती ताठ बांधली की दोन ओल्या चादरींत तुटते, जरा सैल सोडली की तेच ओझं सहज पेलते. झोल कमी तितका ताण जास्त. डेव्हिस गिल्बर्ट या खासदार गणितज्ञाने टेलफर्डच्या आराखड्यावर हे गणित करून झोल वाढवायला सांगितलं. झोल वाढवायचा तर मनोरे उंच करणं आलं. टेलफर्डने ते मानलं. पण टेलफर्ड हा हातांनी शिकलेला माणूस, त्याचा गणितापेक्षा डोळ्यांवर भरवसा. त्याने जवळच्या एका घळीत पाव मापाची साखळी प्रत्यक्ष टांगली आणि रस्ता धरून ठेवणारी प्रत्येक उभी सळई किती लांब हवी, ते तिच्यावरून मोजून घेतलं. गणित आणि नमुना, दोघांनाही जागा मिळाली. आमच्या क्षेत्रातही ज्या बैठकीत या दोन्ही माणसांना बोलू देतात, तिथलं काम टिकतं, असा माझा अनुभव आहे.

२६ एप्रिल १८२५ ला पहिली साखळी चढली. साडेतेवीस टनांचा मधला तुकडा लांबच लांब तराफ्यावर मांडून ठेवलेला. भरती पूर्ण होऊन ओहोटी लागण्याआधी पाणी जेवढा वेळ स्तब्ध असतं, तेवढीच संधी. आपल्याकडच्या कोणत्याही तांडेलाला ही वेळ बिनघड्याळाची कळेल. तराफा दोन मनोऱ्यांच्या मधे आणला, एक टोक जोडलं, दुसरं टोक दोरखंडांना बांधलं आणि किनाऱ्यावर दीडशे माणसं मोठे रहाट फिरवू लागली. पावलं एकत्र पडावीत म्हणून बासरीवाले बसवले होते. दीड तासाच्या वर काम चाललं. साखळी बसली तसे काही मजूर खूश होऊन त्या नऊ इंच रुंद लोखंडावरून सरपटत पलीकडे गेले. टेलफर्ड त्या वेळी ६७ वर्षांचा होता. त्याच वर्षी जुलैपर्यंत सोळाही साखळ्या चढल्या.

३० जानेवारी १८२६ च्या मध्यरात्रीनंतर, सोसाट्याच्या वाऱ्यात, लंडनहून होलीहेडला जाणारी टपालगाडी पुलावरून पलीकडे गेली. पूल आणि टेलफर्डचाच नवा रस्ता मिळून लंडन ते होलीहेडचा ३६ तासांचा प्रवास २७ तासांवर आला. शाळेच्या भिंतीवरचं चित्र ज्या प्रकारच्या चित्रांतलं, ती याच सुमारास निघू लागली.

आता सरांच्या प्रश्नाकडे येते.

२०११ मध्ये मी कामानिमित्त काही महिने मँचेस्टरला होते. एका शनिवारी आगगाडीने बँगोरला उतरले आणि चालत पुलावर गेले. मीनाईला भेटायला. लांबून पाहिलं तेव्हा तेच चित्र. सात कमानी, दोन मनोरे, साखळ्यांचा झोका. पण पुलाच्या मध्यावर आल्यावर वाऱ्याने माझी ओढणी तोंडावर आली आणि मी कठडा घट्ट धरला. तेव्हा आठवलं. आपल्या चित्रात पाणी आरशासारखं होतं. गलबताचं शीड सुबक फुगलेलं, पण पाण्यावर एक लाट नाही. मनोऱ्यांमधला रस्ता पट्टीने आखावा तसा. चित्रात वारा नव्हता.

आणि या पुलाची खरी गोष्ट वाऱ्याचीच आहे. उद्घाटनाला पंधरवडा होण्याआधीच वादळात रस्ता वरखाली हलू लागला, काही सळया वाकल्या, काही तुटल्या. साखळ्या एकमेकींना आडव्या बांधून तात्पुरता उपाय झाला. १८३६ च्या जानेवारीतल्या वादळात पहारेकऱ्याने सांगितलं की रस्ता जवळजवळ सोळा फूट वरखाली होत होता. म्हणजे दुमजली घराइतका. १८३९ च्या जानेवारीत तर लाकडी रस्त्याचा मोठा भाग मोडून पडला आणि एक तृतीयांशाहून जास्त सळया तुटल्या. टेलफर्ड हे पाहायला नव्हता, तो १८३४ मध्ये गेला होता.

टेलफर्डच्या हाताखाली त्या जागेवर राहून पूल बांधणारा अभियंता होता विल्यम प्रॉव्हिस. त्याने १८२८ मध्ये पुलाच्या बांधकामाचा मोठा ग्रंथ काढलेला होता. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. प्रॉव्हिसने वाऱ्याने काय काय मोडलं, याची तपशीलवार नोंद करून ती अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवली. सर्वांत जास्त हालचाल पुलाच्या मध्यावर होत नाही, मध्य आणि मनोरा यांच्या अर्ध्या अंतरावर होते, हे त्याने नेमकं टिपलं. म्हणजे पूल नुसता झुलत नव्हता, त्याच्या अंगातून लाट जात होती. मग त्याने जास्त जड आणि जास्त ताठ रस्ता बसवला. साखळ्या तुटल्या नव्हत्या. ११ टनांची परीक्षा आणि हातोडा दोन्ही खरे ठरले होते. पण परीक्षा ओझ्याची घेतली होती, वाऱ्याची नाही.

यावरून मी कोणाला हसणार नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या गटात होते, त्या गटाने बांधलेली एक प्रणाली अपेक्षेच्या दहापट ओझ्यावर तपासून घेतली होती. ती एका मध्यरात्री पडली, तीही नेहमीच्या ओझ्यावर. काही सेकंद जोडणी तुटली, हजारो यंत्रांनी नेमक्या तेवढ्याच वेळाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाकारले गेले, पुन्हा तेवढ्याच वेळाने एकदम आले. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकेच हात लावत राहावं तसं. झोका वाढतच गेला. सकाळी अहवाल लिहायला बसले तेव्हा वरून सूचना आली की एवढं सविस्तर नको. मला प्रॉव्हिस आठवला. सविस्तरच लिहिला. नोकरी गेली नाही, पण त्या वर्षी बढतीही झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने तो अहवाल मागून नेला, तेव्हा बरं वाटलं.

प्रॉव्हिसची नोंद छापलेली होती, तरी पुढच्या शंभर वर्षांत ती अनेकदा विसरली गेली. अमेरिकेत टॅकोमाचा झुलता पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून खाडीत पडला. पुलाचा रस्ता फार सडपातळ आणि हलका होता. जवळपास त्याच सुमारास मेनायच्या जुन्या लोखंडी साखळ्या उतरवून पोलादी बसवल्या जात होत्या, कारण मोटारींचं ओझं वाढलं होतं. मनोरे मात्र टेलफर्डचेच राहिले.

आपल्या देशात या गोष्टीची एक फार जवळची शाखा आहे. मध्य प्रदेशातलं सागर हे १८१८ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यात होतं. गोविंदपंत बुंदेल्यांचं नाव इतिहासाच्या धड्यात वाचलं होतं, ते तिथलं. इंग्रजांच्या हाती गेल्यावर तिथे टांकसाळ निघाली. त्या टांकसाळीवरच्या डंकन प्रेसग्रेव्ह या अधिकाऱ्याने सागरजवळ बेवस नदीवर सुमारे २०० फुटांचा झुलता पूल बांधला. १८२८ मध्ये सुरू झाला, १८३० च्या जूनमध्ये पुरा झाला. विलायतेहून लोखंड आणलं नाही. त्याच मुलखातल्या देशी भट्ट्यांमधलं लोखंड आणि तिथल्याच लोहारांचे हात. मेनायचा पूल खुला होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. प्रेसग्रेव्हचं नाव नोंदीत राहिलं, पण त्या लोहारांतल्या एकाचंही नाव माझ्या वाचनात आलं नाही.

सरांच्या प्रश्नाला मिळालेलं हे दुसरं उत्तर. पहिलं उत्तर वारा. दुसरं, माणसं. रहाट फिरवणारे दीडशे जण चित्रात नाहीत. तरवाले नाहीत. मेनायच्या तरीचा हक्क ज्या घराण्याकडे होता, त्याला भरपाई म्हणून २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. वल्ही मारणाऱ्यांना काय मिळालं, हे चित्र सांगत नाही. पण गावाने एक गोष्ट सांभाळून ठेवली. पुलापाशी वसलेल्या गावाचं इंग्रजी नाव 'मेनाय ब्रिज'. वेल्श नाव मात्र 'पोर्थाएथ्वी'. यातलं 'पोर्थ' म्हणजे उताराची जागा, तर लागायचं बंदर. पाटीवर दोन्ही नावं शेजारी आहेत. इंग्रजीने पूल लक्षात ठेवला, तिथल्या माणसांनी तर.

आपल्याकडेही आता खाडीवर पूल आहे. तरी आपण 'तरीची पाखाडी' असंच म्हणतो ना?

आपण शिकत होतो तेव्हा तो पूल नव्हता. पलीकडच्या वाड्यांतली पंचवीस-तीस मुलं तरीने यायची. दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत, चपला हातात, धक्क्यापासून शाळेपर्यंत चिखल तुडवत. पावसाळ्यात वारा सुटला की तरवाले काका दांडक्याला लाल फडकं बांधत. तर बंद. हजेरी घेताना एक अख्खा बाक गैरहजर असायचा आणि बाई मान वर न करता पुढचा क्रमांक पुकारायच्या. माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांतलीच. गणितात ती माझ्यापेक्षा पुढे होती, हे मी इथे छापील कबूल करते. त्रिकोणमितीत मी जे काही शिकले ते मधल्या सुट्टीत तिच्याकडून. नववीत असताना जुलै-ऑगस्टमध्ये तिचे इतके दिवस बुडले की सहामाहीत ती दोन विषयांत नापास झाली. तिच्या वडिलांनी म्हटलं, पाण्यातून जीव मुठीत धरून पाठवायचं, ते यासाठी का? दिवाळीनंतर ती आली नाही. मी दहावी झाले, डिप्लोमा न करता थेट बारावी आणि इंजिनिअरिंगला गेले. पूल त्यानंतर काही वर्षांनी झाला.

मी घरी गेले की त्या पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जाते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या, त्यानंतर आई काही दिवस आपल्या पुलावरूनही जायला तयार नव्हती. २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल तुटला आणि १३० हून अधिक माणसं गेली. पूल एकदा बांधून संपत नाही. तो दर वर्षी तपासावा लागतो आणि तपासणाऱ्याचं कोणी ऐकावं लागतं. मेनायचा पूल टिकला तो टेलफर्डच्या प्रतिभेमुळे आणि तितकाच, त्यात काय चुकलं हे लिहून ठेवणाऱ्या प्रॉव्हिसमुळे.

आता शेवटचं आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मेळाव्याची यादी समितीने पाठवली तेव्हा मी आधी माझं नाव शोधलं आणि मग तिचं. तिचं नव्हतं. यादी दहावी उत्तीर्ण झालेल्यांची होती. शाळेच्या निकालाच्या वहीतून उतरवलेली, त्यामुळे तीत चूक अशी काही नाही. पण आठवीच्या हजेरीपटावर आपण ६२ होतो आणि या यादीत ४१. उरलेले २१ कुठे गेले? त्यांतले नऊ तरीने येणारे होते, हे मी मोजून काढलं. समितीला कळवलं. सांगायला आनंद वाटतो की त्यांनी एका शब्दानेही वाद न घालता हजेरीपट बाहेर काढला. आता निमंत्रण ६२ जणांना गेलं आहे. चौघे आज हयात नाहीत, त्यांची नावं स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेत.

मैत्रिणीला मी स्वतः जाऊन निमंत्रण दिलं. तिचं पलीकडे किराणा दुकान आहे, हिशेब तोंडी. निमंत्रण वाचून म्हणाली, "मी कुठली गं माजी विद्यार्थिनी, मी तर अर्ध्यातच उतरले." मी म्हटलं, "तू उतरली नाहीस. तर बंद होती." ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिने मुलीला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितला. मुलगी आपल्याच शाळेत नववीला आहे आणि पुलावरून सायकलने येते.

चित्र अजून प्रयोगशाळेतच आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी नवी काच बसवून घेतली आहे आणि कसर लागलेल्या कोपऱ्यामागे नवा पुठ्ठा लावला आहे. खाली माहितीची पाटी लावू का, असं सरांना फोनवर विचारलं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. दोनदा सांगावं लागलं. म्हणाले, "पुलाचं नाव लिही, साल लिही. उत्तर लिहू नकोस."

म्हणून पाटीवर एवढंच आहे : मेनायचा झुलता पूल, वेल्स, १८२६. मेळाव्याला याल तेव्हा पाहून घ्या. बरोबर मुलं असतील तर त्यांना समोर उभं करून तो प्रश्न विचारा. आणि उत्तर तुम्हीही सांगू नका.